बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी आणि पालकांची जबाबदारी : लातूर-नांदेडच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

दरवर्षी जून महिना उजाडला की लातूर आणि नांदेडच्या बसस्थानकांवर एकच दृश्य दिसते. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी घेतलेले वडील, पिशवीत डबे सांभाळणारी आई आणि त्यांच्या मागे गप्प गप्प चालणारा सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. कोणी किनवटहून आलेले असते, कोणी देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूर किंवा उदगीरहून. दहावीचा निकाल लागलेला असतो आणि घरातील सर्वांच्या आशा त्या एका लेकराच्या खांद्यावर येऊन बसलेल्या असतात.

आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आज या वाटेवर आहेत. पालक आम्हाला भेटतात तेव्हा बहुधा एकच प्रश्न विचारतात, "फादर, कोणता क्लास चांगला?" हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु या दोन वर्षांत आईवडिलांनी स्वतः काय करावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असून तो क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर एकत्रितपणे हाताशी असावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

'लातूर पॅटर्न' म्हणजे नेमके काय?

लातूरचे नाव शिक्षणक्षेत्रात गाजले ते प्रामुख्याने राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद विज्ञान महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे. या संदर्भात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे आदराने घेतली जातात. डॉ. वाघमारे पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने हा जिल्हा हादरला, त्याच दशकात येथील विद्यार्थी बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकत होते, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

या पॅटर्नमध्ये जादू काही नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करणे, जादा तास घेणे, पुनःपुन्हा सराव परीक्षा घेणे आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याची चूक त्याला समजावून सांगणे, एवढेच त्याचे सार होते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून असे दिसले की, एकच उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर तो आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवडाभरानंतर अधिक लक्षात राहिला. लातूरच्या शिक्षकांना हे अनुभवातून आधीच उमगले होते.

तथापि त्या काळी वैद्यकीय व अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. पुढे राज्याची प्रवेश परीक्षा आली. वैद्यकीय प्रवेशासाठी २०१३ साली पहिली 'नीट' झाली, त्याच वर्षी ती न्यायालयात रद्द ठरली आणि २०१६ पासून पुन्हा लागू झाली. या बदलाबरोबर शिकवण्याचे केंद्र महाविद्यालयाच्या वर्गातून खाजगी क्लासकडे सरकले. लातूरचा 'ट्यूशन एरिया' आणि नांदेडमधील क्लासच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या या बदलातून. म्हणून आज कोणी 'लातूर पॅटर्न' असे म्हणाले, तर त्यात शिक्षकाने चूक समजावून सांगण्याचा तो मूळ भाग आहे की केवळ फलक आणि फी आहे, हे पालकांनी पारखून घ्यावे.

परीक्षा कोणत्या, हे आधी समजून घ्या

पाल्याशी अर्थपूर्ण बोलायचे असेल तर त्याच्यासमोरील परीक्षांची तोंडओळख आईवडिलांना असावी. यासाठी विज्ञान शिकलेले असण्याची गरज नाही.

बारावीची मंडळाची परीक्षा : लातूर, नांदेड व धाराशिव हे तीन जिल्हे लातूर विभागीय मंडळात येतात. नीटमध्ये कितीही गुण मिळाले तरी वैद्यकीय प्रवेशासाठी विद्यार्थ्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत उत्तीर्ण व्हावेच लागते. तेव्हा "बोर्डाचे काय, ते होईल" ही वृत्ती धोक्याची आहे.

नीट : २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. एकूण गुण ७२०. त्यापैकी निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. अर्थात अंदाजाने ठोकलेले एक चुकीचे उत्तर, ते बरोबर आले असते त्या तुलनेत, ५ गुणांचा फरक पाडते. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळू शकते.

राज्याची सीईटी : अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा २०० गुणांची असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. यात अकरावीच्या अभ्यासक्रमावरही सुमारे २० टक्के प्रश्न असतात. अकरावी 'आरामाचे वर्ष' मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जेईई मुख्य : आयआयटी, एनआयटी इत्यादी राष्ट्रीय संस्थांच्या वाटेवरील ही पहिली परीक्षा. आयआयटीसाठी यानंतर 'अॅडव्हान्स्ड' परीक्षा द्यावी लागते.

या परीक्षांच्या नियमांत वेळोवेळी बदल होत असतात. म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पालकांनी मुलासोबत बसून एकदा तरी वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

स्वप्न कोणाचे?

२०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थी नीटला बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. याचा सरळ अर्थ असा की, प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या बहुसंख्य मुलांनाही ही जागा मिळणार नाही, आणि हा त्यांचा अपराध नव्हे. हे गणित पालकांनी अकरावीच्या प्रवेशाआधीच मनाशी मांडले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक माता आमच्याकडे आली होती. मुलाला क्लासला घालून वर्ष झाले होते. तो घरी आला की बोलत नसे. आम्ही त्या मुलाला विचारले, "तुला काय व्हावेसे वाटते?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे मला कोणी विचारलंच नव्हतं." तो आळशी नव्हता. त्याला जनावरांची आवड होती आणि पशुवैद्यकाचे शिक्षण आपल्याच उदगीरला मिळते, हे त्याच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून दहावीच्या सुट्टीत दोन-तीन वेळा निवांत बसून बोला. मुलाचे म्हणणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका. त्याच्यासमोर एकच दार ठेवू नका. आपल्या परिसरातच पाहा : नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; नांदेडला श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे; उदगीरला पशुवैद्यकीय व मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत; लातूरला कृषी महाविद्यालय आणि परभणीला कृषी विद्यापीठ आहे. परिचर्या, औषधनिर्माण, विधी, मूलभूत विज्ञान, शिक्षणशास्त्र या वाटाही सन्मानाच्या आहेत. पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तीन निवडी मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहाव्यात. दुसरी निवड म्हणजे पराभव नव्हे, हे आईवडिलांच्या तोंडून त्याने ऐकले पाहिजे, आणि तेही निकालाच्या आधी.

क्लास आणि पैसा

क्लास निवडताना फलकावरील छायाचित्रे मोजू नका. एका तुकडीत किती मुले बसतात, चाचणीनंतर चुकांची चर्चा होते का, शंका विचारायला शिक्षक कोणत्या वेळी भेटतात, आणि मागील वर्षीच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला, हे चार प्रश्न विचारा. शक्य असल्यास तेथे शिकत असलेल्या दोन मुलांशी स्वतंत्रपणे बोला.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासबाबत राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा प्रवेशाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी, आणि पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. फी भरण्यापूर्वी परतीची अट लेखी मागा, हप्त्याने भरा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

आपल्याकडे बहुतेक घरांत पैसा सोयाबीन आणि तुरीच्या विक्रीतून येतो. क्लासचा हप्ता मात्र पिकाची वाट पाहत नाही. म्हणून फी, खोली, मेस, पुस्तके, परीक्षांचे अर्ज व प्रवास यांचा दोन वर्षांचा हिशेब आधी मांडा. त्यासाठी जमीन विकावी लागत असेल किंवा सावकाराकडे जावे लागत असेल, तर थांबून विचार करा. खरा मोठा खर्च पदवीच्या शिक्षणाचा असतो आणि तो अजून पुढे आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज साधारणतः पदवीच्या प्रवेशानंतर मिळते, क्लाससाठी नव्हे. आणि एक विनंती : घरातील कर्जाचा पाढा मुलासमोर रोज वाचू नका. परिस्थिती त्याला एकदा शांतपणे सांगावी. तो ती जाणतो. रोजच्या उच्चाराने तिचे ओझे होते.

खोली, पाणी, जेवण, झोप

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाऊसमान बरे असले तरी खोली पाहताना पाणी किती दिवसांनी येते, साठवण किती आहे, हे विचारलेच पाहिजे. घरमालक जवळ राहतात का, मुलींच्या वसतिगृहात रात्री जबाबदार स्त्री असते का, मेसमध्ये आजारी मुलाला साधा वरणभात मिळतो का, याचीही चौकशी करा. पहिल्या महिन्यात पालकांपैकी एकाने न सांगता मेसमध्ये एक वेळ जेवून यावे.

तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्राविज्ञानाच्या तज्ज्ञांनी सांगितले आहे. "शेजारचा मुलगा रात्री दोनपर्यंत वाचतो" हे वाक्य कृपया उच्चारू नका. जागरणाने वाचलेले टिकत नाही आणि परीक्षेच्या सकाळी डोके जड राहते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. अकरावी विज्ञानात सारे इंग्रजीतून सुरू होते आणि दहावीला पहिल्या बाकावर बसणारे मूल एकाएकी मागे पडल्यासारखे वाटते. हा बुद्धीचा दोष नसून भाषेचा उंबरठा आहे. पहिले चार महिने गुणांविषयी धीर धरा. रोज दहा शास्त्रीय संज्ञा मराठी अर्थासह वहीत लिहिण्याची सवय लावली, तर हा उंबरठा लवकर ओलांडता येतो.

फोनवर काय बोलावे?

दूर राहणाऱ्या मुलासाठी आईवडिलांचा आवाज हाच घराचा आधार असतो. पण बहुतेक घरांत फोनची सुरुवात "किती मार्क पडले?" याने होते. काही दिवसांनी मुले फोन उचलणे टाळतात.

फोनची सुरुवात जेवणाने, तब्येतीने, घरच्या गोष्टीने करा. म्हशीला पारडू झाले, आजीचा गुडघा बरा आहे, पाऊस पडला, हे त्याला ऐकायचे असते. चाचणीविषयी बोलायचे तर आठवड्यातून एकदा, आणि "किती?" याऐवजी "कुठे चुकलं, ते कळलं का?" असे विचारा. गुणांपेक्षा चुकांची वही महत्त्वाची. "तू हुशार आहेस" यापेक्षा "तू हा धडा तीन वेळा सोडवलास, हे चांगलं केलंस" हे शब्द अधिक उपयोगी पडतात. म्युलर व ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले पुढे टिकून राहिली.

भावंडांशी, आतेमामेभावांशी तुलना नको. आणि हात तर कदापि उगारू नये. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून झालेल्या मारहाणीत नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या वडिलांना अटक झाली. ते घर सुशिक्षितांचे होते. असे आपल्या घरी होणार नाही, असे समजून आपण निर्धास्त राहू नये. क्रोधाचा क्षण कोणत्याही घरी येऊ शकतो. तो आला की खोलीबाहेर जावे आणि दुसऱ्या दिवशी बोलावे.

धोक्याच्या खुणा

मूल जेवण टाळू लागले, झोपेनासे झाले किंवा दिवसभर झोपून राहू लागले, मित्रांपासून दूर गेले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो" किंवा "मी नसलो तर बरे" असे बोलू लागले, तर ती नाटके समजू नका. त्याच दिवशी त्याच्याकडे जा. उपदेश न करता जवळ बसा. "तुला जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका आणि शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक मुलाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावा. प्रार्थना आणि औषधोपचार यांत विरोध नाही. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला डॉक्टरकडे नेणे हेही प्रेमाचेच कार्य आहे.

कागदपत्रे : पालकांचे खास काम

अभ्यास मुलाने करावा. कागदपत्रे आईवडिलांनी सांभाळावीत. दरवर्षी काही मुले गुण असूनही केवळ एका दाखल्यापायी अडतात.

१. नाव : दहावीची गुणपत्रिका, आधार आणि परीक्षेचा अर्ज यांवरील नाव अक्षरशः एकच असावे. आपल्याकडे स्नानसंस्काराच्या वेळचे नाव आणि शाळेतील नाव यांत फरक असतो. तो अकरावीतच दुरुस्त करून घ्या.

२. अधिवास व उत्पन्नाचा दाखला : तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून वेळेआधी काढा.

३. प्रवर्ग : राखीव प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्राबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्याला महिने लागू शकतात, लागू असल्यास चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेअरही हवे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध धर्मीयांनाच आहे. ख्रिस्ती धर्मीयांना नाही. म्हणून आपल्या कुटुंबाला कोणता प्रवर्ग लागू होतो, हे अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे, तर वर्षभर आधी अधिकृतपणे विचारून घ्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची व जातीची नोंद तपासा. खोटी किंवा सोयीची नोंद पुढे मुलालाच बाधते.

४. शुल्कसवलत : जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावे लागतात.

५. फसवणूक : "इतके लाख द्या, जागा पक्की" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. २०२४ च्या नीटमधील गैरप्रकारांच्या तपासात लातूरमध्येही अटक झाली होती. अशा वाटेने पैसा जातो आणि मुलाच्या मनातील सत्याची चाड त्याहून आधी जाते.

निकालाचा दिवस आणि त्यानंतर

निकालाच्या दिवशी वडिलांनी शेतात, आईने कामावर न जाता घरी थांबावे. निकाल मुलाने स्वतः पाहावा. यश आले तर देवाचे आभार माना. मात्र शेजारच्या घरी रडू येत असेल, याचे भान ठेवून आनंद करा. अपयश आले तर त्या दिवशी कारणमीमांसा नको. "जेवून घे. आपण उद्या बोलू." एवढे पुरे.

'रिपीटर' म्हणून आणखी एक वर्ष द्यावे का, हा प्रश्न आठवडाभराने घ्यावा. मुलाची स्वतःची इच्छा आहे का, गुणांत थोड्याने कमी पडला की पुष्कळ, पुढील वर्षी अभ्यासात नेमके काय बदलणार, आणि घरची ऐपत आहे का, या चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर असेल तरच एक वर्ष द्यावे. तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा आग्रह सहसा मुलाचा नसतो. अन्य प्रवेशांच्या मुदती मात्र या विचारात हुकू देऊ नयेत. अर्ज भरून ठेवावेत.

प्रिय पालकहो, आम्ही पाहिलेल्या मुलांपैकी काही डॉक्टर झाली, काही परिचारिका, काही शिक्षक, तर काहींनी शेतीत जीव ओतला. त्यांपैकी जी मुले आज समाधानी आहेत, त्यांना आपल्या घरचे दार निकालानंतरही पूर्वीइतकेच उघडे दिसले होते. क्लास कोणताही लावा. हे दार तेवढे उघडे ठेवा.